नातीच्या आठवणीची परीक्षा

दहा महिन्यांच्या मुलीची लेखी परीक्षा घेता येत नाही, म्हणून मी नातीची फोटोंवर घेतली.

झालं असं की, तान्ह्या बाळांचे मेंदू यंत्रात तपासून शास्त्रज्ञांनी लावलेला शोध मी वाचला. बाळाच्या मेंदूतही आठवणी साठतात आणि आधी पाहिलेल्या चित्राकडे ते जास्त वेळ बघतं. (मोठेपणी त्या आठवणी जातात कुठे, हे शास्त्रज्ञांनाही अजून सापडलेलं नाही. घरातला चष्माही मला सापडत नाही, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवत नाही.) मुलगा बंगळुरूला आणि माझा दुखरा गुडघा देवासला, त्यामुळे नात पहिल्यांदाच घरी येत होती. व्हिडिओ कॉलवर मात्र मी तिच्याशी रोज अर्धा तास बोलत आलो होतो. उलट धारचे व्याही दोन महिने तिकडे राहून आले होते आणि "बच्ची मला बरोबर ओळखते" असं गावभर सांगत होते. त्यांच्यासमोर ती मला ओळखते की नाही, या काळजीनं माझं जेवण कमी झालं होतं.

नात आली आणि व्याही नेमके त्याच दिवशी हजर. मी एका हातात माझ्या निवृत्ती समारंभातला फोटो धरला, दुसऱ्या हातात अनोळखी माणूस म्हणून आमच्या पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, निवडणुकीचं पत्रक.

"भिया, बच्ची आहे ती. तिची काय टेस्ट घेताय?" व्याही म्हणाले. (आमच्या माळव्यात भैयाचा भिया होतो.)

"शास्त्र आहे," मी म्हणालो.

नातीनं माझ्या फोटोवर ओझरती नजर टाकली आणि पार्षदाकडे टक लावून बघत बसली. निवडून आल्यापासून जो अख्ख्या वॉर्डाला दिसला नव्हता, तो म्हणे हिला आठवत होता! मी फोटो टाकून स्वतःच पुढे झालो. तिनं भोकाड पसरलं आणि व्याह्यांना घट्ट बिलगली.

व्याही हसत काहीतरी पुटपुटले. मला कमी ऐकू येतं, म्हणून सवयीनं उजवा कान त्यांच्याकडे केला. त्याबरोबर रडं थांबलं. नात खुदकन हसली, झेपावली आणि तो कान दोन्ही हातांनी धरून बसली.

"मान गए, भिया," व्याही म्हणाले. "पहचान तो निकली."

"निघणारच," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "केव्हाची सांगतेय, व्हिडिओ कॉलवर फोन कानाला लावू नका. पोरीनं तुमचं दुसरं काही पाहिलंय का?"

नात परत गेली. आता आमची ही रोज फोन माझ्या तोंडासमोर धरते, नात रडते, मग मी मान फिरवतो. परवा फोटो काढायला गेलो. आमच्या वयात एक बरासा फोटो घरात काढून ठेवलेला असावा.

"बाबूजी, सामने देखिए," फोटोग्राफर म्हणाला.

"नहीं भिया, साइड से लो," मी म्हटलं. उद्या त्या फोटोला हार चढेल, तेव्हा कोण गेलं ते निदान नातीला तरी कळायला हवं.