तिसरी घंटा आणि पॉलिमॉर्फिझम

स्टाफरूममध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटावरच्या धुळीसारखे साठत जातात. संभाजीनगरातल्या आमच्या कॉलेजात तर गेली दोन वर्षं एकाच शब्दानं किस्से पुरवलेत. पॉलिमॉर्फिझम!

*

माझ्या वाढदिवसाचं चॉकलेट उन्हानं स्कूटरच्या डिक्कीत वितळलं. फ्रिजमध्ये ठेवलं, तर त्यावर पांढरट डाग. मी टाकून देणार, तोच केमिस्ट्रीच्या देशमुख सरांनी तुकडा तोंडात टाकला.

"माल तोच हो! स्फटिक बसायची तऱ्हा बदलली. पॉलिमॉर्फिझम!"

उरलेलंही तेच घेऊन गेले.

*

मग साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या. काही बारक्या, काही दांडग्या डोक्याच्या. आमचे शिपाई शेखचाचा डबा उन्हात ठेवायला निघाले, तर झूलॉजीच्या जोशी मॅडम ओरडल्या, "थांबा! एकाच वारुळातल्या आहेत, रूपं वेगळी. पॉलिमॉर्फिझम! मुलांना दाखवायच्यात."

दोन दिवस आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो.

*

मी कॉम्प्युटर शिकवतो. माझी व्याख्या अशी: हुकूम एकच, प्रोग्रॅममधला प्रत्येक घटक, म्हणजे ऑब्जेक्ट, तो आपापल्या पद्धतीनं पाळतो.

पिशोर गावची उज्ज्वला आम्हा तिघांची विद्यार्थिनी. तिनं तिन्ही व्याख्या पाठ केल्या आणि माझ्या विषयाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना मुंग्या सांगितल्या. नापास! वाळूजच्या कंपनीतली तिची नोकरी या एका विषयावर अडली. मला फार वाईट वाटलं, शिकवलं मीच होतं ना.

ती रडली नाही. म्हणाली, "सर, आता पाठ नाय करणार. बघून बघून शिकते."

*

फेरपरीक्षेला तेच परीक्षक. शेजारी मी, समोर दोघांचा चहा.

"पॉलिमॉर्फिझम. उदाहरण स्वतःचं द्या."

उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. "सर, रागावू नका." मग परीक्षकांना म्हणाली, "आमच्याकडं तिसरी घंटा सगळ्यांना एकच होते, सर. ती ऐकून देशमुख सर खडू घेतात, जोशी मॅडम हजेरीपट घेतात, अन् आमचे सर..."

"बोला."

"आमचे सर चहा घेतात. कोण काय करणार, हे शेखचाचांना ठावं नसतं. ते नुसती घंटा देतात."

परीक्षकांनी पन्नासपैकी बत्तीस लिहिले. पास! मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि मी सवयीनं कप उचलला.

परीक्षकांनी माझ्या हातातल्या कपाकडं पाहिलं, बत्तीस खोडले आणि चाळीस केले.