खांबाच्या कचेरीतली उषाबाई

इंग्रजी अमलातल्या त्या इमारतीला तालुक्यात सारे खांबाची कचेरीच म्हणत. समोर आठ गोल उंच खांब, त्यांच्यावर त्रिकोणी माथा, मधोमध कोरलेलं १९१२ साल. पाहणाऱ्याला सगळं दगडी वाटे. एकोणीस वर्षं तिथं झाडू मारणाऱ्या उषाबाईला मात्र ठाऊक होतं, की आत विटा आहेत आणि वर घोटून दगडासारखा केलेला चुना. वायरमननं खांबाला भोक पाडलं तेव्हा लाल भुकटी तिनंच झाडली होती.

त्या साली श्रावण उलटला आणि डावीकडून तिसऱ्या खांबावर केसाएवढी भेग दिसली. उषाबाईचा सासरा गवंडी. त्याच्या युक्तीनं तिनं भेगेवर खळीनं कागदाची पट्टी डकवली. भेग वाढत असेल तर पट्टी फाटते. चौथ्या दिवशी ती फाटली. तेव्हापासून खांबांखालून जाताना ती श्वास रोखून धरायची. कबुतर फडफडलं तरी दचकायची.

तिनं फाटलेली पट्टी दाखवली, तर मोठे बाबू भैय्याजी हसले. "इंग्रजाचं काम हाय, बाई. आपण मरून जाऊ, हे नाही पडत."

सोमवारी रेशनकार्डाचं शिबिर होतं. दहालाच पायऱ्यांवर बायांची रांग लागली, कुणाच्या कडेवर लेकरू. उषाबाईनं पाहिलं तर भेगेत आता बोट जात होतं. दाराचं कुलूप न काढता तिनं किल्ली पदरात बांधली.

"काहून उघडत नाहीस?" भैय्याजी ओरडले.

"मले भेव लागून राहिला, बाबूजी."

"नोकरी जाईल तुयी!"

ते खरंच होतं. ठेकेदाराकडची बाई ती. एका फोनवर घरी बसली असती. तरी ती बायांकडे वळून किंचाळली, "मांगं सरा! त्या लिंबाखाली जा साऱ्याजणी!" बाया कुरकुरत सरकल्या. भैय्याजी हलेनात, तेव्हा तिनं त्यांचा दंड धरून ओढलं.

पाऊण तास काहीच झालं नाही. बाया हसल्या, भैय्याजींनी शिव्या दिल्या. आपणच खुळ्या ठरलो तर, या धाकानं ती घामाघूम झाली. मग वरून माती झिरपली, आणि माथ्याचा डावा कोपरा धाडकन पायऱ्यांवर आला. धूळ बसली. कुणाला ओरखडाही नव्हता.

कचेरी आता नव्या सिमेंटच्या इमारतीत आहे आणि उषाबाईची नोकरीही टिकली. दुपारचा डबा मात्र ती अंगणात, उन्हात बसून खाते. भैय्याजी आत बोलावतात.

"राहू द्या, बाबूजी," ती म्हणते. "आत घास नाही उतरत."