मिस्त्रींची सुतळी

मिस्त्रींच्या खिशात पैसे क्वचित असत, पण सुतळी नाही असा दिवस मला आठवत नाही. खाकी अर्ध्या चड्डीचे दोन्ही खिसे गाठी मारलेल्या तुकड्यांनी फुगलेले असत. फूटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. कशाचीही लांबी हवी असली की सुतळी ताणायची, हव्या त्या जागी गाठ मारायची आणि तुकडा खिशात टाकायचा. कुठला तुकडा कशाचा हे त्यांच्याशिवाय कुणाला कळत नसे. शाळेची खिडकी बसवण्याचे काम सरकारी मंजुरीत तीन वर्षे अडकले. मंजुरी आली तेव्हा मी नव्याने माप घ्या म्हणालो, तर त्यांनी खिशात हात घातला आणि तीन वर्षांपूर्वीची सुतळी काढून दाखवली. खिडकी चपखल बसली.

मिस्त्री लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात फिटर होते. लढाई संपल्यावर पान्यांची एक पेटी घेऊन ते आचऱ्यापलीकडच्या आमच्या गावात परतले. गावात तेव्हा सायकलीही मोजक्याच. दहा वर्षे हा माणूस शिवणयंत्रे आणि स्टोव्ह दुरुस्त करत बसला. मी गावचा शाळामास्तर, त्यामुळे गावाचा पत्रव्यवहार माझ्याकडे आणि लोखंडाचे काम त्यांच्याकडे अशी वाटणी आपोआप झाली होती.

मग आमच्या मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाने लिलावातली एक जुनी लष्करी जीप घेऊन गावाला पाठवली. आजाऱ्यांना मालवणच्या दवाखान्यात न्यावे, एवढ्यासाठी. तोवर आजारी माणूस डोलीतून जाई, म्हणजे खुर्ची बांबूला बांधून चौघांच्या खांद्यावर, डोंगरमाथ्यावरचा सबंध कातळाचा सडा ओलांडून. जीप आली आणि गाव हरखून गेला. पण गावाबाहेर खाडीचा फाटा पाण्यातून चालत ओलांडायचा उतार होता. तिथे पाणी थेट इंजिनाच्या पंख्याला लागे आणि जीप मधोमध बंद पडे. पावसाळ्यात तर तिला पलीकडे जाणेच शक्य नव्हते आणि माणसे आजारी पडायची ती पावसाळ्यातच.

मिस्त्री म्हणाले, गाडी सहा बोटे वर उचलू. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जास्त कमानीचे घातले की झाले, असे आम्हाला वाटले. मिस्त्रींनी जीप साखळीने फणसाच्या फांदीला टांगली, चाके अधांतरी लोंबू दिली आणि खाली उताणे पडून दिवसभर सुतळ्या ताणत राहिले. जमिनीवर उभी असताना माप का घेत नाही, असे मी विचारले.

“मास्तरांनू, हुभी गाडी खोटा सांगता,” ते म्हणाले. “लटकती गाडी खरा सांगता. ती वर उचलली म्हंजे तिच्या पोटातला सगळाच लांबवक व्हया. एक जरी आखूड रवला, तर सगळी गाडी तेच्यारच लटाकता.”

त्या आखूड राहणाऱ्या गोष्टींत ब्रेकची रबरी नळी पहिली. गाडीच्या सांगाड्यातून चाकापर्यंत ब्रेकचे तेल नेणारी ती वीतभर नळी. सांगाडा वर गेला की ती ताणली जाते आणि चाक खड्ड्यात पडले की तुटते. एक नळी तुटली की तेल वाहून जाते आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. हे त्यांनी मला शाळेच्या पडवीत बसून, सुतळी हातात धरून, दोनदा समजावले.

मग त्यांनी मुंबईला पाठवायची यादी सांगितली. पाटे, ते आवळायचे लांब बोल्ट, पाट्यांच्या कड्या, धक्के खाणारे जंपर, रबरी नळ्या. प्रत्येक नावाबरोबर एक सुतळी माझ्यापुढे ठेवत होते आणि मी गाठी पट्टीवर मोजून इंच लिहीत होतो. आता जे सांगायचे ते सांगतो. माझ्या अक्षराचा मला फार गर्व होता. यादी एका पानावर सुबक बसावी, दुसऱ्या पानावर दोन ओळी लोंबू नयेत, म्हणून पक्की प्रत करताना मी शेवटच्या ओळी गाळल्या आणि लिहिले, ‘व इतर किरकोळ सामान’. मंडळाला ते कळेलच, असे मला वाटले. खरे म्हणजे मला काहीच वाटले नाही.

वैशाखात आगबोटीने खोका आला. त्यात पाटे होते, बोल्ट होते, कड्या आणि जंपर होते, आणि किरकोळ सामान म्हणून दोन डबे खिळे-वायसर होते. वरच माझे पत्र होते, मंडळाने बाबींवर खुणा करून परत पाठवलेले. मिस्त्रींनी ते ओळीखाली बोट धरून वाचले. शेवटच्या ओळीपाशी बोट बराच वेळ थांबले. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “ह्यां तुमच्याकडेच रवांदे,” एवढेच म्हणाले. त्यांना नीट वाचता आले नसावे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी गुपचूप दुसरे पत्र टाकले. एवढ्या लांबीची नळी बाजारात शोधत आहोत, असे उत्तर आले. तोवर पाऊस लागला आणि टपाल कधी येई, कधी नाही. मिस्त्रींनी गाडी उचलून तयार ठेवली, पण लांब नळीशिवाय ती हलणार नाही म्हणाले. जीप सांभाळणाऱ्या गावकमिटीचे अध्यक्ष आबा, गावातले मोठे दुकानदार, रागावले. ज्याच्यासाठी गाडी आणली तो पावसाळाच निघून चाललेला. दोघांचेही खरे होते आणि निकाल लागेना, तेव्हा आमच्याकडे जे करतात तेच झाले. सगळे देवळात गेले आणि देवाला कौल लावला.

गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. “गाडी चलतली आसात, तर उजवी पाकळी दी, म्हाराजा.” आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणालो. उजवी पाकळी पडली. मिस्त्रींनी हात जोडले. बाहेर पायरीवर चपला घालताना ते मला म्हणाले, “चलतली काय, ता इचारल्यानी. थांबतली काय, ता कोणी इचारूक नाय.”

पण देवाचा शब्द त्यांनी मोडला नाही. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, अशी अट मात्र घातली. चाक फार खाली लोंबू नये आणि जुन्या आखूड नळीला ओढ बसू नये, म्हणून त्यांनी प्रत्येक चाकाशी काथ्याची जाड दोरी सांगाड्याला बांधली. चिखलात ती झिजे, म्हणून दर रविवारी नवी. लोक हसत. दावणीला बांधलेली जीप म्हणत. त्या दावणीच्या जिवावर त्या पावसाळ्यात सात-आठ माणसे मालवणला वेळेवर पोचली आणि सगळी परत आली. मला वाटू लागले की माझी चूक आता बुजली.

श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी आबांची सून अडली. सुईणीने हात टेकले. दोऱ्या आठवड्याच्या झिजलेल्या होत्या आणि मिस्त्रींनी त्या बदलायला अर्धा तास मागितला. “तिच्याकडे अर्धो तास नाय, मिस्त्री,” आबा म्हणाले आणि ते खोटे नव्हते. जीप उतार ओलांडून सड्यावर चढली. सड्यावरून खाली उतरणाऱ्या घाटीत पुढचे चाक वाहून गेलेल्या जागी पडले, दोरी तुटली आणि पाठोपाठ नळी. खाली दरी होती. मिस्त्रींनी गाडी डोंगराच्या बाजूला जांभ्या दगडांच्या रचलेल्या गडग्यावर घातली. सून वाचली. मूल गेले. मिस्त्रींचा उजवा हात कोपरात मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही.

पंधरा दिवसांनी देवळात सभा बसली. आबांनी विचारले, लांब नळी का नव्हती? आवाज चढवला नाही. तो माणूस पंधरा दिवसांत म्हातारा झाला होता. मी खांबाला टेकून बसलो होतो आणि पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. उठायचे, असे ठरवूनच मी आलो होतो. माझ्याआधी मिस्त्री उठले.

“चूक माझी,” ते म्हणाले. “यादी सांगताना नळयेचा नाव इसारलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित मी उठलो असतो, असे मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले. मी उठलो नाही, हे खरे.

त्यानंतर त्यांच्याकडे शिवणयंत्रही कुणी आणीना. जीप फणसाखाली गंजत राहिली, तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि गावात पुन्हा डोली आली. मी त्यांच्या घरी जात असे. ते डाव्या हाताने सुतळीला गाठी मारत बसलेले असत. आता कशाचे माप, असे मी विचारले नाही. यादीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मला तर तो काढायचाच नव्हता. शाळेत मात्र मुलांनी निबंधात ‘वगैरे’ लिहिले की मी छडी उचलत असे. मुलांना माझ्या रागाचे कारण कधी कळले नाही.

पाचेक वर्षांनी मिस्त्रींच्या पोटात कळ उठली ती थांबेना. डोली बांधली. डाव्या बाजूला पुढे मी खांदा दिला. सडा चढताना माझा दम तुटू लागला, तेव्हा मागून त्यांचा बारीक आवाज आला. “मास्तरांनू, खांदो बदला. तुमची बाजू खाली येता.” मी खांदा बदलला. त्याच क्षणी मागे वळून सगळे बोलून टाकावेसे वाटले, पण बरोबर तिघे जण होते. घाटी उतरताना आम्ही त्या गडग्यापाशी आलो तेव्हा मिस्त्री गेलेले होते. आम्ही तिथूनच परत फिरलो.

सरण पेटल्यावर आबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“मानूस बरो होतो,” ते म्हणाले. “पन तो यादयेत चुकलो. नाय, मास्तरांनू?”

मी मान डोलावली.