अजून वेळ आहे

बोलायच्या आधी मावशी हातातली कात्री खाली ठेवायच्या. मग एक बोट वर करून म्हणायच्या, "अजून वेळ आहे."

सुरतजवळ, सचिन गावातल्या एका कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही पंधरा बायका साड्यांचे सुटे धागे कापायचो. मी डिंडोलीहून जायची, मावशी भेस्तानहून. त्या नवापूरकडच्या, ख्रिस्ती, विधवा. जेवणाच्या सुट्टीत यहुद्यांच्या जुन्या संदेष्ट्यांच्या गोष्टी सांगायच्या. गरिबाला तुडवणाऱ्यांना तोंडावर सुनावणारे ते, नगर जळेल म्हणून रडत फिरणारे. त्यांतला यिर्मया आम्हाला आवडायचा. लोकांनी त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं होतं, आणि मावशी तो चिखल किती खोल ते स्वतःच्या पायावर हात लावून दाखवायच्या.

"मावशी, तुमचा देव सारखा धमक्याच देतो," मी एकदा म्हटलं.

"धमकी नाही गं. ज्याला मारायचंच असतं त्याला कोणी आधी सांगतं का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ऐकताना बरं वाटतं, सुट्टी संपली की आपण विसरतो.

मागचा जिना मालाच्या गाठींनी भरलेला असायचा. मावशींनी आधी सुपरवायझरला सांगितलं, मग थेट शेठना. "शेठ, आग लागली तर या पोरी कुठून उतरतील? देव जाब विचारेल याचा."

"मासी, तमे बहु वांचो छो," फार वाचता तुम्ही, असं म्हणून शेठ हसले. सुपरवायझर हसला. मीही हसले.

उन्हाळ्यात एका दुपारी खालच्या मजल्यावर आग लागली. पुढच्या जिन्यात धूर कोंडला. आम्ही तोंडाला पदर दाबून कशाबशा उतरलो. आमच्यातल्या रेखा आणि शोभा घाबरून मागच्या जिन्याकडे धावल्या. गाठींपाशीच त्या सापडल्या.

पोलीस आले, गेले. काही महिन्यांत शेठनी दुसरीकडे काम सुरू केलं. मला राहवलं नाही. मावशींना म्हटलं, "देवाने जाब शेठला विचारायचा होता ना? मेल्या त्या पोरी."



मीच पुढे म्हटलं, "आणि नगर जळल्यावर बंदिवान करून नेलेले शेवटी सगळे घरी परत येतात, असं तुम्हीच सांगायचात."

"आले ते त्यांची पोरं-नातवंडं, गं," त्या हळूच म्हणाल्या. "मेलेले नाही आले."

रेखाच्या आईकडे त्या दर रविवारी जाऊन बसायच्या. प्रार्थना नाही, काही नाही. भांडी घासून द्यायच्या. एका रविवारी मी सोबत होते.  आई एकदम म्हणाली, "तुले माहीत व्हतं ना? मंग मनी पोरले का जाऊ दिधं?"

मावशींचे हात राखेने भरलेले होते. "मीपण जातच होते ना, बाई," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं, तरी मीपण रोज जात होते."

त्यानंतर त्यांनी सुरत सोडलं. उधना स्टेशनवर मी पोचवायला गेले. एक पिशवी आणि पाण्याची बाटली, एवढंच सामान होतं. भावाच्या घरी ठेवून घेतील की नाही, तेही नक्की नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता देव काय म्हणतो, मावशी?"

"काही म्हणत नाही गं. मीच बोलत असते. तिकडून काही येत नाही."

गाडी हलली. मी खिडकीसोबत थोडी चालले, हात केला. मावशी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.