जस्तावरचे बुडबुडे

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात जानू तांबे कंत्राटावर प्रयोगशाळेचे शिपाई होते. ॲसिडात पाणी पुरेसं झालं की नाही, हे ते मोजमाप न घेता जस्ताचा तुकडा टाकून ठरवायचे. बुडबुडे सावकाश आले तर ॲसिड पातळ, भराभर आले तर जहाल. रसायनशास्त्राचे सर त्यांना हसायचे आणि मागाहून त्यांनाच विचारायचे.

मग जानूकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आळीला ते ठाऊक होतं, कारण काकांनी मासळीबाजारातून बांगडे म्हणून तारल्या आणल्या होत्या आणि बायकोने ती बातमी घरोघर पोचवली होती. कॉलेजला मात्र पत्ता नव्हता. कळलं असतं तर नोकरी गेली असती.

एके दिवशी प्रात्यक्षिकाआधी बुडबुडे दिसेनात. ॲसिड पातळ आहे असं समजून काकांनी आणखी ओतलं. स्नेहल या विद्यार्थिनीने मॅग्नेशियमची फीत टाकताच परीक्षानळी उसळली आणि तिचं मनगट भाजलं.

“जास्त ॲसिड घेतलंस ना, धांदरट?” सर ओरडले. पोरगी नळाखाली हात धरून रडत होती.

“तिला बोलू नका, सर,” काका म्हणाले. “जहाल मी केलं. मला गणपतीपासून नीट दिसत नाही हो.”

दुसऱ्या दिवशी काकांकडे प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या मागायला कारकून आला. सरांना म्हणे तास होता.