लटारूभाऊंचा हरवलेला जोडा

धानोऱ्याकडच्या लटारूभाऊंना दोन गोष्टींची भारी घमेंड होती: आपल्या विहिरीचं गोड पाणी आणि आपली स्मरणशक्ती. छप्पन सालच्या दिवाळीत घेतलेला करकरीत चामडी जोडा महिन्याच्या आत नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी स्मरणशक्तीला ताण दिला आणि शेजारच्या मुखरूचं नाव काढलं. पुरावा एवढाच, की मुखरूने जोड्याची तारीफ केली होती. गावभर त्याला चोर म्हणून झालं, बोलचाल बंद झाली.

माघात विहिरीच्या पाण्याला घाण वास येऊ लागला. भाऊंनी लगेच कारण शोधलं. "आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेला ना, तिकडल्या समुद्राचा वास हाय."

मग चुना टाकला, कडुनिंबाचा पाला टाकला, ग्रामसेवकाने दिलेली लाल पूड टाकली. भात गुलाबी झाला, वास होता तसाच राहिला.

शेवटी बायकोने, भागीरथेने घागर उचलली. "मी मुखरूभाऊच्या विहिरीवरून पानी आनतो."

चोराघरचं पाणी प्यायचं, हे भाऊंना मरणाहून वाईट वाटलं. त्यापेक्षा स्वतःच विहिरीत उतरून बघतो म्हणाले. पण माणूस पेलेल असा दोर होता एकट्या मुखरूकडे. भागीरथेनेच त्याला बोलावून आणलं.

"दोर देतो, पन हातातून सोडनार नाई," मुखरू म्हणाला. "हरवला तं मी कोनाले चोर म्हनू?"

भाऊ अपमान गिळून खाली उतरले. पाण्याजवळ कपारीत हाताला सुतळी लागली. ओढली, तर टोकाला जोडा. फुगलेला, हिरवा, आणि वास तर विचारू नका. तेव्हा कुठे ती स्मरणशक्ती जागी झाली. जोडा चावत होता, म्हणून मऊ करायला आपणच भिजत टांगला आणि दुसऱ्या दिवशी आलापल्लीला सागाच्या कामावर गेलो, ते पंधरा दिवसांनी आलो. काखेत कळसा नि गावाला वळसा! भाऊंना वर यावंसंच वाटेना.

"काय सापडलं, भाऊ?" मुखरूने वरून विचारलं.

"गाळ हाय."

"मंग राहा खालीच." दोर सैल झाला. भाऊ कमरेपर्यंत पाण्यात गेले.

"जोडा हाय," भाऊ म्हणाले. "मीच टांगला होता. तू चोर नाई."

"आयकू नाई आलं. इथी बाया जमल्या, त्यायले आयकू येईन असं सांगा."

भाऊंनी तीनदा ओरडून सांगितलं. वर आल्यावर मान खाली घालून त्यांनी तो निथळता जोडा मुखरूपुढे धरला. "चोर म्हनलोच होतो, तं आता तूच ठेव."

मुखरूने नाक दाबून जोडा पायात घातला, चार पावलं चालून पाहिलं.

"खरंच मऊ झाला, भाऊ," तो म्हणाला. "आता चावत नाई."