कोकरेसाहेबांचं ‘आनखी काय?’

कोकरे वकील साक्षीदाराला फार प्रश्न विचारत नसत. एक विचारायचे, उत्तर ऐकायचे आणि मग नुसते त्याच्याकडे बघत उभे राहायचे. साक्षीदार बावरायचा आणि पुढचं आपणहून बोलायचा. दौंडच्या कोर्टात मी त्यांचा ज्युनिअर होतो. एका खुनाच्या खटल्यात असाच एकजण सख्ख्या भावाचं नाव बोलून बसला. बाहेर त्याची आई जिन्यात बसून रडत होती. माझा पाय निघेना. कोकरे म्हणाले, "म्या कुठं काय इचारलं? मानसाला गप ऱ्हानं सोसत न्हाई, त्याला आपन काय करनार?"

खुटबावच्या मेंढपाळाच्या घरातला हा माणूस. चार वर्षं वकिली करून परीक्षा दिली, पोलिसात अधिकारी झाला आणि तिथून दिल्लीला गुप्तवार्ता खात्यात गेला. मग वर्षानुवर्षं काही कळेना. नव्वदचं दशक सरता सरता पेपरात फोटो आला : कोकरेसाहेब देशाच्या त्या खात्याचे प्रमुख झाले होते. गावानं पेढे वाटले. मुलगा नेमकं काय करतो, हे त्यांच्या आईला सांगता येत नसे. "दिल्लीला ऐकायची नोकरी हाय म्हनं," एवढंच ती म्हणायची.

आईचं दिवसकार्य उरकून ते शिरूरला माझ्या घरी आले. त्यांच्या बंदोबस्ताची दोन माणसं फाटकाशीच थांबली. साहेब चहा घेत म्हणाले, "आनखी काय?" आणि थांबले. मी सांगत गेलो. बोलता बोलता पाबळच्या युसूफचा विषय निघाला. तो रेडिओ दुरुस्त करायचा. आम्हा दोघांचा जुना मित्र.

"त्याच्या कराचीच्या बहिणीचा पत्ता लागला, साहेब! दुबईचा भाचा फोन करतो आता त्याला," मी कौतुकानं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. मग सहज विचारलं, "भाच्याचं नाव काय?"

मी सांगितलं.

चौथ्या दिवशी युसूफला दुकानातून जीपमध्ये घालून नेलं. सतरा दिवस तो कुठं होता, कुणालाच कळलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्क्रू ठरत नव्हता. फोन वाजला की तो उठून रस्त्यावर जायचा.

मी दिल्लीला फोन लावला. "साहेब, त्यानं केलंय तरी काय?"

"कायबी न्हाई. म्हनून तर सुटला."

"पण मी बोललो म्हणून…"

"तुमी बोलला म्हनून सतरा दिसांत सुटला. दुसरा कुनी बोलला असता, तर कसं बोलला असता, देव जाने." आणि त्यांनी फोन ठेवला. हे खरं होतं की त्यांनी माझी नुसती समजूत काढली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर घरात कुणाचंही नाव घेताना माझी जीभ अडखळायची.

निवृत्तीनंतर साहेब खुटबावला राहिले. ते पारावर आले की लोकांना कामं आठवत. तीन वर्षांत ते गेले. अंत्यविधीला माणसं बेताचीच होती. त्यात युसूफ दिसला. मी त्याला बाजूला घेतलं.

"तू कशाला एवढ्या लांब आलास?"

"आसं कसं, वकीलसाहेब? त्यांनी सोडलं म्हनून तर घरी आलो," तो म्हणाला. त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आन् तुमी शब्द टाकला म्हनून त्यांनी सोडलं. समद्या पाबळाला ठावं हाय. टाकला व्हता न्हवं?"

"हो," मी म्हणालो.